साडूभाऊंचं सरासरीशी वाकडं

माणसं बांधावरून भांडतात, भावकीशी भांडतात, काही जण तर शेजाऱ्याच्या कोंबड्याशीही वर्षानुवर्षं अबोला धरतात. पण सरासरी नावाच्या, गणिताच्या पुस्तकात निमूट पडून असलेल्या एका गोष्टीशी ज्याने उभा जन्म वैर धरलं, असा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. त्यातली गंमत अशी की, हेच साडूभाऊ आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात नोकरीला होते आणि गावोगावचे आकडे जमवून त्यांच्या सरासऱ्या काढणं हेच त्यांचं काम होतं. मांसाहाराचा तिटकारा असलेल्या माणसाला खाटकाच्या दुकानात बसवावं, तसं सरकारने त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं.

अंगाने उंच, इतके उंच की कोणत्याही दारातून आत येताना आधी डोकं येई आणि मग बाकीचे साडूभाऊ येत. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं, ते का ठेवता म्हटलं तर म्हणत, "चालू होतं तेव्हा त्याने पुष्कळ लिहिलंय, एकदम काढून कसं टाकायचं?" राग आला की त्यांच्या तोंडून शुद्ध कचेरीतलं मराठी येई, 'सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येते की' वगैरे. आणि माया आली की अहिराणी. त्यामुळे त्यांच्या घरात शिरताना भाषा ऐकूनच आत जायचं की माघारी फिरायचं हे आम्ही ठरवत असू. सकाळी पेपरात 'जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' अशी बातमी आली, की आधी शुद्ध मराठी सुरू होई. "वरच्या अंगाला नाले गावं धुऊन घेऊन गेले, खालच्या अंगाला जमीन भेगाळली, आणि हे म्हणतात सरासरीइतका! बुडालेल्याला आणि वाळलेल्याला एका खाटेवर निजवलं, की दोघं ठणठणीत!" त्यांची बायको, म्हणजे माझी आकडसासू, मोठी मिश्कील बाई. एकदा वरणात मीठ अजिबात नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "काल जास्त झालं होतं ना? दोन दिवसांची सरासरी काढा, बरोबर आहे." साडूभाऊ ताटावरून उठले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मीठही मागितलं नाही.

सगळ्या सरासऱ्यांमध्ये त्यांचा खरा राग होता तो माणसाच्या सरासरी आयुर्मानावर. शहाद्याला एकदा योगाचं शिबिर होतं. आलेले गुरुजी सांगू लागले, की आपले पूर्वज शंभर शंभर वर्षं जगत, कारण हवा शुद्ध, अन्न शुद्ध. झालं! साडूभाऊ पद्मासन मोडून उभे राहिले, आणि पद्मासन मोडायला त्यांना बराच वेळ लागत असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष आधीच तिकडे गेलं. "गुरुजी," ते म्हणाले, "जे पाळण्यातच गेले, ते कोणाचे पूर्वज झालेच नाहीत. मग तुम्ही मोजले कोण?" गुरुजींनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात लोणखेड्याच्या एका कार्यक्रमात दुसऱ्या टोकाचे वक्ते आले. ते म्हणाले, की जुन्या काळी आपला माणूस तिशीत म्हातारा होऊन मरायचा. साडूभाऊ परत उभे! समोर सगळी शेतकऱ्यांची पोरं बसलेली. त्यांच्याकडे वळून साडूभाऊ म्हणाले, "कपाशीच्या दहा बिया टोबल्या समजा. पाच उगवल्या उगवल्या आठ दिवसांत माना टाकून मेल्या. उरलेल्या पाच सहा महिने उभ्या राहिल्या, बोंडं दिली. आता काढा सरासरी. तीन महिने! मग सांगा, तीन महिन्यांत म्हातारं होऊन मेलेलं कपाशीचं एक तरी झाड कोणी पाहिलंय का?" पोरं हसली. साडूभाऊ हसले नाहीत. "म्हातारे तेव्हाही होते बाबांनो. सत्तरीचे होते, ऐंशीचे होते. आकडा खाली ओढला तो तान्ह्या लेकरांनी. आणि शेतात नांग्या भरता येतात, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरी बी टोबता येते. घरात तसं नाही करता येत." एवढं बोलून ते खाली बसले. वक्ते टेबलावरचं पाणी प्यायले आणि त्यांनी विषय संस्कृतीकडे वळवला.

या तत्त्वज्ञानातूनच त्यांची ती जगावेगळी सवय जन्माला आली. गावात कोणाची साठी, एकसष्टी, पंचाहत्तरी असली की साडूभाऊ जात नसत. "त्यात पराक्रम काय? एकदा गाडी घाट चढून गेली की सपाटीवर कोणीही चालवतो." पण कोणाच्या लेकराचा पहिला वाढदिवस आहे असं कानावर आलं की आमंत्रण असो नसो, हे इस्त्रीचा सदरा घालून हजर! ओळख असण्याचीही अट नव्हती. लोणखेड्यात मंडप दिसला की विचारायचे, "लग्न शे का वाढदिवस? कितवा?" दुसरा असला तर पुढे चालू पडायचे. पहिला असला तर आत. पाळण्यापाशी जाऊन, तोंडाला केक फासलेल्या त्या उत्सवमूर्तीसमोर दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, अगदी गंभीरपणे म्हणायचे, "अभिनंदन साहेब. कठीण काम केलं तुम्ही." लेकरं त्यांच्या उंचीला घाबरून रडायची. मग यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की, जणू तो रडण्याचा आवाज ऐकायलाच ते आले होते.

आमच्या सासऱ्यांच्या एक्याऐंशीचा सोहळा कळसाडीला झाला, तेव्हा मोठा जावई म्हणून त्यांना टाळता येईना. उसाच्या फडाकडेला मंडप, दोनशे पाहुणे, सासरे नवं धोतर नेसून पाटावर. साडूभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मामांनी एक्याऐंशी वर्षं काढली याचं श्रेय मामांना फारसं देता येत नाही." मंडप गार. "ते जन्मले त्या दिवशी ज्या सुईणीने उलटं धरून पाठीवर थोपटलं, तिला द्यावं लागेल. ती कोण होती, कोणाला ठाऊक आहे का?" कोणालाच ठाऊक नव्हतं. मेव्हण्याने घाईघाईने माईक काढून घेतला. पण सासरे पाटावर बसल्या बसल्या विचारात पडले ते जेवणं होईपर्यंत, आणि पंगत उठता उठता एकदम म्हणाले, "जमनी. जमनी नाव व्हतं तिन्हं." साडूभाऊंनी दोनशे पाहुण्यांदेखत त्यांच्या पाया पडून घेतलं.

लग्नकार्यात हे पुरुषांच्या बैठकीत कधी सापडायचे नाहीत. म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायचे आणि विचारायचे, "आजी, तुमले कितला पोरे जायात?" आजी सांगायची, चार. हे थांबायचे, आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "ऱ्हायनात चार. जायात कितला?" राहिली चार, पण झाली किती? मग आजी त्यांच्याकडे नीट बघायची, पदर सावरायची आणि सांगायला लागायची. सात. नऊ. कोणाला कितव्या दिवशी काय झालं, कोणाचं जावळ कसं होतं. पन्नास वर्षं कोणी न विचारलेलं त्या बायका या उंच माणसाला भडाभडा सांगत. माझी बायको चिडायची, "लग्नाच्या घरात हे काय रडू काढतात भाऊजी!" मलाही तेव्हा तसंच वाटे.

कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या आईला सात मुलं झाली, त्यातला हा एकच राहिला. बाकीची सहाही वर्षाच्या आत गेली. हे शाळकरी असताना खानेसुमारीचे मास्तर घरी आले होते. आईला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, सात. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, ओट्यावर एकच पोरगा. म्हणाले, "बाई, हयात असलेलीच सांगा, जागा कमी असते." आईने मान खाली घातली आणि म्हणाली, "मग एक लिखा." हे सांगताना साडूभाऊ हसत होते. "आमच्या घरची सरासरी काढली ना पाहुना, तर मी आज नऊ वर्षांचा आहे." तेव्हा ते त्रेसष्टचे होते. "आणि मी एक वर्ष जास्त जगलो, की त्या सहा जणांचंही वय जरा जरा वाढतं." आयुष्यात सरासरीचा त्यांनी घेतलेला हा एवढाच फायदा. त्यासाठी ते रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदोनदा बघत, मोटरसायकलवर बसत नसत, तळलेलं खात नसत. आम्ही त्यांना भित्रा म्हणायचो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी आरोग्य सेवक होतो. अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात, एका लहानशा केंद्रात. गावाचं नाव सांगत नाही. महिन्याचे आकडे आम्ही खाली पाठवायचो आणि ते जमा व्हायचे साडूभाऊंच्या टेबलावर. श्रावण होता. नदीपलीकडच्या पाड्यावर एक बाई घरीच बाळंत झाली, तिथल्या आशाताईचा निरोप आला म्हणून मी गेलो. मुलगी होती. अगदी लहान. झोळीत घालून काट्याला टांगली तर काटा दोन किलोच्या बराच खाली राहिला. झोळी हलली तसं तिने भोकाड पसरलं. मायलेकींना खाली दवाखान्यात आणायला हवं होतं, पण मी ओलांडून आल्यावर नदीला पूर आला होता. बांबूला झोळी बांधून न्यायला माणसंही तयार होती, ती पाणी ओसरायची वाट बघत बसली. मी सांगितलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं नाही. तिसऱ्या दिवशी ओसरलं, तोवर ती गेली होती.

आमच्या केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "दोनच दिवस ना? उपजत मृत टाका." म्हणजे, ती जन्मलीच मेलेली, असं लिहा. जन्मून मेली असं लिहिलं तर चौकशी, बैठक, खुलासे. पोटातच मेली म्हटलं तर कोणी काही विचारत नाही. आणि हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

पुढच्या रविवारी साडूभाऊ आमच्याकडे जेवायला आले. जेवण झालं, बायका आत गेल्या, आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, "पाहुना, तुन्हा केंद्राचं मला नवल वाटतं. तिथे पोरं मरतात ती आईच्या पोटातच. एकदा बाहेर आलं की एकही मरत नाही. डोंगरातली हवा इतकी औषधी असेल असं वाटलं नव्हतं." मी हसलो. त्यांनी कागद उलगडून माझ्यासमोर ठेवला. मग मी त्या मुलीचं सांगितलं, नदीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं.

"रडनी व्हती का?"

"हां," मी म्हटलं. "मी ऐकलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. चार दिवसांनी ते रजा टाकून, एसटीने आणि मग पायी, त्या पाड्यावर जाऊन आले. हे मला आशाताईकडून कळलं. आल्यावर त्यांनी दुरुस्तीचा कागद तयार केला. 'सदर बालिका जिवंत जन्मली असून' अशी त्याची सुरुवात होती. त्यावर सही लागत होती ती मूळ नोंद करणाऱ्याची, म्हणजे माझी. कागद घेऊन ते घरी आले तेव्हा मी म्हणालो, बढतीची यादी लागायची आहे. मी म्हणालो, मोठीला यंदा कॉलेजात घालायचंय, आत्ता बदली झाली तर कसं? मी म्हणालो, एका नोंदीने काय फरक पडतो, साडूभाऊ, सरासरीत तर दिसणारसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्यासमोर बोललो! मला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होईल. झालं नाही. त्यांनी कागद उचलला, चष्मा पुसला, आतल्या दाराकडे बघून "ताई, चहा ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि दारातून वाकून बाहेर पडले.

कागद त्यांनी स्वतःच्या सहीने वर पाठवला. मूळ नोंद करणाऱ्याची सही नाही म्हणून तो परत आला. आकड्यांचे घोळ करतात असा ठपका ठेवून साहेबांनी त्यांना त्या टेबलावरून उठवलं आणि औषधांच्या कोठारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच सलाइनच्या बाटल्या मोजत होते. भेटायला गेलो, तर खोक्यांच्या उतरंडीमागून डोकं काढून म्हणाले, "बरं शे अठे. बाटलीले बाटलीच म्हनतस." माझी बढती झाली. पेढे द्यायला गेलो तर त्यांनी एक पेढा खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला. त्यांनी रागवावं म्हणून मी वाट बघत होतो. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, वर्षानुवर्षं, आणि त्या गोष्टीचा शब्द त्यांनी काढला नाही.

सत्तरी त्यांनी गाठली. एकाहत्तराव्या वर्षी छातीचं दुखणं सुरू झालं. गेल्या दिवाळीच्या आसपास मी लोणखेड्याला त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ, ते ओसरीत खुर्ची टाकून बसलेले, अंगावर शाल. मीही आता निवृत्त. का कोण जाणे, त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, त्या कागदावर मी सही करायला हवी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट. कोणीही तेच म्हटलं असतं.

"हां," ते म्हणाले. "कराले पाहिजे व्हती."

ऊन ओसरीत चढत माझ्या अंगावर आलं होतं. त्यांनी पाय जवळ घेतले. "इकडे सरक," ते म्हणाले, "तुले ऊन लागी ऱ्हायनं." मी सरकलो. मग म्हणाले, "तिले सांगं का तू?"

"कोणाला?"

"त्या पोरनी मायले."

मी म्हणालो, जाईन. नंतर मला सवडच झाली नाही, म्हणजे मी काढली नाही. जानेवारीत साडूभाऊ गेले.

होळीच्या आधी डोंगरातली माणसं गुजरातेतल्या ऊसतोडीवरून घरी परततात, हे धरून मी गेलो. नदीवर आता पूल आहे. आशाताईचे केस पिकलेत, तिने मला लगेच ओळखलं. ती बाई घरीच होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, तिने ती बाजूला सारून मला खाट दिली. मला भिली येते ती कामापुरती, ताप, जुलाब, गोळी, सुई एवढी. म्हणून मी मराठीत सांगत गेलो आणि आशाताई तिला तिच्या बोलीत सांगत गेली. की तुझी मुलगी जिवंत जन्मली होती, आणि मी कागदावर ती मेलेली जन्मली असं लिहिलं. खोटं लिहिलं.

तिला आधी नीट कळलं नाही. कागदाचं तिला काही ठाऊकच नव्हतं. मग तिने काहीतरी विचारलं. आशाताई म्हणाली, "ती म्हणते, आता खरं लिहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "आता लिहिता येत नाही." येण्याआधी मी खाली चौकशी केली होती. एवढ्या वर्षांनी दुरुस्तीला वरचा हुकूम लागतो, आणि आधी विचारतात, कशासाठी हवंय? कशासाठी, ते लिहायला त्या अर्जात जागा होती. मला काय लिहावं ते सुचलं नाही, आणि मी तो तसाच परत दिला.

आशाताईने तिला तेवढं सांगितलं. बाई काही वेळ मोहाच्या फुलांवर हात फिरवत राहिली. मग बोलायला लागली. सुरुवातीला आशाताई मला सांगत होती: ती म्हणते, पहिल्या दिवशी दूध ओढलं नाही, बोटाने पाजलं. ती म्हणते, दुसऱ्या दिवशी सकाळी ओढलं, दोनदा. ती म्हणते, पाऊस जोरात आला की गप्प राहून ऐकायची. बाई सांगतच राहिली. दोनच दिवसांचं, पण ते सांगायला तिला खूप वेळ लागला. कुठेतरी मध्येच आशाताई मराठीत सांगायची थांबली. मीही तिला विचारलं नाही.